ओसरी आणि माजघर

आपल्या पूर्वजांनी या जिल्ह्यात जे वाडे बांधले, त्यांपैकी आता थोडेच उभे आहेत. तरी त्यांची रचना ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. दिंडी दरवाजातून आत आले की चौक, चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीपलीकडे माजघर आणि त्याच्याही आत देवघर व कोठीची खोली. ओसरीवर वाटसरू बसे, कूळ बसे, कापसाचा दलाल बसे. भिक्षेकरी आला तर त्यालाही कोणी उठवीत नसे. माजघरात मात्र आप्तेष्टांनाच प्रवेश. कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्या एकाच माणसाच्या कनवटीला. दार उघडे ठेवणे निराळे आणि घर उघडे टाकणे निराळे, हे त्या बांधणीतूनच लहानथोरांना कळत असे.

मंडळाच्या संकेतस्थळाची देखरेख गेली काही वर्षे आम्हां दोघातिघांकडे आहे. तेथे कोणाला येऊ द्यावे, कोणाला अडवावे आणि अडवावे तर कसे, या प्रश्नाशी झगडताना आम्हांला वाड्याच्या या बांधणीचा आधार वाटला. प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आहे; परंतु त्याचे उत्तर निव्वळ तंत्रज्ञाकडे नाही, ते आपणा सर्वांकडे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संकेतस्थळ ते काय, अगदी साधे. या अंकाचे जुने खंड, काही छायाचित्रे, थोडे मोडी व उर्दू कागद, कोणते घराणे कोणत्या गावाहून कधी आले याच्या हकिकती आणि कार्यक्रमांची दिनदर्शिका. त्याची गरज का भासली, हे येथे सांगायला नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचेही आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. एका घरातला एक भाऊ नांदेडचा, दुसरा चंद्रपूरचा, तिसरा हैदराबादचा आणि नातवंडे परदेशी, अशी आपली स्थिती. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर विखुरलेल्या माणसांना एकत्र बसायला एक ओसरी असावी, एवढाच हेतू.

पुढे पुढे वाचकांची तक्रार येऊ लागली की पाने उघडत नाहीत. पाने जड नव्हती, वाचकही अचानक वाढलेले नव्हते. ज्या कंपनीच्या संगणकावर हे संकेतस्थळ ठेवलेले आहे, तिच्याकडून मात्र वापर मर्यादेबाहेर गेल्याचे कळविण्यात आले. प्रत्येक संकेतस्थळाची एक नोंदवही आपोआप लिहिली जात असते. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान मागितले गेले, हे तिच्यात ओळीने उतरते. ती आम्ही बारकाईने वाचावयास घेतली आणि एक निराळेच जग समोर आले.

माणूस वाचतो त्याची खूण लगेच पटते. तो एक पान उघडतो, काही वेळ थांबतो, दुसरे उघडतो, निघून जातो. दोन दिवसांनी पुन्हा तेच पान पाहावयास येतो. येथे मध्यरात्री कोणी सेकंदाला कित्येक पाने मागत होते. प्रत्येक जुन्या अंकाचे प्रत्येक पान, तेही लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तिन्ही आकारांत. दिनदर्शिकेत ‘पुढील महिना’ अशी एक कळ आहे. हा पाहुणा ती दाबत दाबत इतका पुढे गेला होता की, त्याने मंडळाचे २०९० सालापर्यंतचे कोरे महिने पाहून ठेवले. आमच्यापैकी कोणी एवढ्या उत्साहाने चालू महिना तरी पाहत असेल, असे वाटत नाही! हे काम माणसाचे नव्हे, यंत्राचे. संगणकाच्या भाषेत अशा स्वयंचलित आज्ञावलीला बॉट म्हणतात. त्यांतले जे पानेच्या पाने ओरबाडून नेतात, त्यांना स्क्रेपर असे नाव आहे. ‘ओरबाडणे’ हा आपला शब्द त्या क्रियेला अगदी चपखल बसतो.

बॉट म्हणजे काय हे ज्यांना परके वाटेल, त्यांनी नंदिग्राम एक्सप्रेसचे तत्काळ तिकीट काढण्याचा प्रसंग आठवून पाहावा. खिडकी उघडते आणि बोट कळीवर पोहोचण्यापूर्वी जागा संपलेल्या असतात. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सांगितले की, तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असत. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करण्यात आली आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी आवश्यक झाली. तेथे यंत्र जागा बळकावते. आपल्यासारख्या ठिकाणी ते वाट अडवते. दोन्हीकडे रांगेतला माणूस मागे पडतो.

मोठ्यांनाही हा त्रास चुकलेला नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या संगणकांवर चालतो, त्या प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की, चित्रे-ध्वनिफिती यांसारख्या सामग्रीच्या मागणीपोटी लागणारी वाहतूक जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली आहे, आणि ती वाढ मुख्यतः वाचकांमुळे नसून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सामग्री गोळा करणाऱ्या यंत्रांमुळे आहे. पाने पाहण्याच्या एकूण संख्येत बॉटचा वाटा सुमारे ३५ टक्के. पण सर्वांत खर्चिक वाहतुकीत मात्र ६५ टक्के. असे का, तर माणसे बहुधा ठराविक, लोकप्रिय पाने वाचतात आणि ती जवळच तयार ठेवलेली असतात. यंत्र मात्र कोनाकोपऱ्यातले, वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले पानही मागते आणि ते प्रत्येक वेळी मूळ भांडारातून काढून आणावे लागते. आपल्याकडे तर सारेच कोनेकोपरे! घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी गत झाली.

मग सर्वच यंत्रांना हाकलावे काय? तसे करता येत नाही. गूगल किंवा बिंग यांचे यंत्र आपली पाने वाचून जाते, म्हणूनच परगावी बसलेल्या कोणाला आजोबांच्या गावाचे नाव शोधताना आपला अंक सापडतो. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था पानांच्या प्रती जपून ठेवते. २००० नंतरच्या दशकात उत्साहाने निघालेली आणि पुढे बंद पडलेली कित्येक मराठी संकेतस्थळे आज पाहावयाची तर बहुधा तेथेच पाहावी लागतात. हे पाहुणे आपल्या उपयोगाचे. दुसरे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकविण्यासाठी मजकूर गोळा करणारे. तिसरे, पानांवरून केवळ ई-मेलचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक वेचणारे. आणि चौथे, प्रत्येक दाराची कडी हलवून पाहणारे. नोंदवहीत या चौथ्यांची संख्या पाहून आम्ही थक्क झालो. जी खोली आपल्या घरात नाहीच, तिचेही कुलूप ते चाचपून जातात.

बंदोबस्ताचा पहिला उपाय सर्वांत सभ्य आहे. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये असा संकेत सुचविला की, प्रत्येक संकेतस्थळाने ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक लहानशी धारिका दाराशी ठेवावी आणि कोणत्या यंत्राने कोठे जाऊ नये हे तिच्यात लिहावे. हा संकेत जवळजवळ तीन दशके केवळ सौजन्यावर चालला. २०२२ मध्ये त्याला ‘आरएफसी ९३०९’ या क्रमांकाने लेखी प्रमाणरूप मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या यंत्राचे ‘जीपीटीबॉट’ हे नाव जाहीर केले. पुढच्याच महिन्यात गूगलने ‘गूगल-एक्सटेंडेड’ हे निराळे नाव दिले. त्यामुळे शोधासाठी वाचावे पण प्रणाली शिकविण्यासाठी वापरू नये, असेही पाटीवर लिहिता येऊ लागले. मात्र ही शेवटी पाटीच. ‘आत येऊ नये’ असे वाचून सज्जन थांबतो. ज्याला थांबायचेच नाही, त्याला ती पाटी आत काहीतरी असल्याचे सांगते. उपरोक्त प्रमाणातच स्पष्ट म्हटले आहे की, या सूचना म्हणजे प्रवेशाचा परवाना किंवा मनाई नव्हे.

दुसरा उपाय ओळख तपासण्याचा. प्रत्येक यंत्र येताना आपले नाव सांगते, पण नाव कोणीही कोणाचेही सांगू शकतो. ‘मी गूगलकडून आलो’ म्हणणाऱ्याचा आयपी पत्ता उलट तपासून तो खरोखर त्याच घरचा आहे काय, हे पाहता येते. नोंदवहीतील काही ‘गूगल’ या तपासणीत तोतये निघाले. ते थांबले. परंतु जे ताकाला जाऊन भांडे लपवतात, त्यांचे काय? हल्ली अशी यंत्रे एका पत्त्यावरून येतच नाहीत. सामान्य घरांतल्या जोडण्या आणि भ्रमणध्वनी यांचे हजारो पत्ते भाड्याने घेऊन, प्रत्येक पत्त्यावरून एकदोन पानेच मागत, ती एखाद्या वाचकाच्या वेशात शिरतात.

येथून पुढे कुंपण कडक करण्याचा मोह होतो आणि खरा धोकाही येथेच आहे. एका पत्त्यावरून अधिक मागणी आली की तो पत्ता बंद करावा, हे ऐकावयास ठीक वाटते. पण आपल्याकडे भ्रमणध्वनी कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तो बंद केला म्हणजे एका यंत्रापायी कितीतरी निरपराध वाचक बाहेर राहावयाचे. परदेशांतून येणारे सारे अडवावे, तर आपली निम्मी नातवंडे तिकडेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. वाकडीतिकडी अक्षरे ओळखा, चित्रांतले दिवे मोजा, अशी परीक्षा दारात ठेवावी, तर ती ज्येष्ठांना पेलत नाही आणि दृष्टिहीन वाचकांना तर ती भिंतच होते. ऐंशी ओलांडलेले एक सदस्य आम्हांला म्हणाले, “अहो, माझ्याच काकांची हकिकत वाचायला मी माणूस आहे हे सिद्ध करू? भीक नको, पण कुत्रा आवरा!” कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण कोणासाठी करावयाची?

म्हणून आम्ही माणूस कोण आणि यंत्र कोण हा प्रश्न मागे ठेवला आणि किती नेतो हा प्रश्न पुढे घेतला. उन्हाळ्यात आपल्या बाजारपेठेत पाणपोया लागतात. तेथे कोणी कोणाची जात-गाव विचारीत नाही. तांब्याभर पाणी प्यावे आणि पुढे जावे. पण कोणी टँकर घेऊन आला, तर त्याला ‘नाही’ म्हणावेच लागते, कारण तो भरला की रांजण कोरडा. त्याच न्यायाने ठराविक काळात ठराविक पानांहून अधिक मागणी आल्यास ‘जरा थांबा’ असे उत्तर जावे, अशी व्यवस्था केली. संगणकाच्या व्यवहारात या उत्तराला ४२९ हा क्रमांक आहे. मर्यादा पुरेशी सैल ठेवली, जेणेकरून एका पत्त्यामागचे अनेक वाचक अडकू नयेत. पत्ता कायमचा बंद न करता थोड्या वेळाने पुन्हा वाट मोकळी होते. दिनदर्शिकेची कळ पुढील वर्षाअखेर थांबते. मोठ्या आकाराची छायाचित्रे मागितल्याशिवाय उघडत नाहीत.

याहून कडक उपायही आहेत. २०२५ मध्ये ‘अनुबिस’ नावाची एक मुक्त प्रणाली पुढे आली. ती येणाऱ्याच्या संगणकाकडून प्रवेशापूर्वी एक छोटे गणित करवून घेते. जणू आत येण्याआधी मूठभर दळण दळून द्या, असे सांगते. एका वाचकाला मूठभर दळणाचे काही वाटत नाही; लाखो पाने नेणाऱ्याला मात्र पोतीच्या पोती दळावी लागतात. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ जुलै २०२५ रोजी जाहीर केले की, तिच्याकडे येणाऱ्या नव्या संकेतस्थळांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आपोआप अडविली जातील; मालकाने परवानगी दिली तरच ती आत येतील. तोवर ‘मना करेपर्यंत मुभा’ असा रिवाज होता. आता ‘विचारल्याशिवाय नाही’ असा पडू पाहत आहे. आपल्या वाचकांचे जुने फोन ध्यानात घेता दळणाचा उपाय आम्ही तूर्त राखून ठेवला आहे.

एवढे झाल्यावर संकेतस्थळ पूर्ववत चालू लागले. परंतु मंडळाच्या बैठकीत खरा वाद त्यानंतर झाला. ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना एकही पान देऊ नये. आपल्या वाडवडिलांच्या आठवणी, त्यांची पत्रे कोणा दूरच्या कंपनीने न विचारता न्यावी आणि त्यावर व्यापार करावा, हे त्यांना मान्य नाही. हा आक्षेप भावनेचा म्हणून बाजूला सारता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व्या कलमात परवानगीवाचून संगणकातील सामग्री उतरवून घेण्याबद्दल भरपाईची तरतूद आहेच. आणि एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जो दावा लावला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

तरुणांचे म्हणणे वेगळे. ही यंत्रे जे वाचतात, त्यावरूनच बोलतात. इंग्रजीच्या मानाने त्यांच्यापुढे मराठी मजकूर फार थोडा. त्यातही बोली, सीमाभागातली, तेलुगू आणि गोंडीच्या शेजारात वाढलेली, निजामी अमलातल्या उर्दू दफ्तराचे शब्द अंगावर वागविणारी आपली मराठी तर कणभर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आपण साजरा केला. पण आपण दारे लावून बसलो, तर उद्या कोणी यंत्राला आदिलाबादच्या मराठी माणसांविषयी विचारील तेव्हा ते दुसऱ्यांनी लिहिलेले सांगेल, आणि तेही आपल्या नसलेल्या मराठीत. नव्या पिढीला गाव आधीच दुरावले आहे. तिने विचारले आणि उत्तरात आपण नसलो, तर ते नसणे आपल्याच हातचे ठरेल.

दोन्ही बाजू ऐकताना आमच्या ध्यानात आले की, दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हते. तरुणांच्या मनात प्रसिद्ध झालेले लेख होते; ज्येष्ठांच्या मनात घरचे कागद. मग वाड्याचीच विभागणी स्वीकारली. अंकात छापून आलेले, लेखकाने किंवा वारसांनी मान्यता दिलेले लेखन ओसरीवर. तेथे कोणीही यावे. नाव सांगणाऱ्या, पाटी मानणाऱ्या आणि सावकाश वाचणाऱ्या यंत्रानेही यावे. घराण्यांच्या हकिकती आणि कौटुंबिक छायाचित्रे माजघरात, सदस्यांना परवलीच्या शब्दाने. पत्ते, दूरध्वनी, जन्मतारखा, पत्रिका, जमिनीचे कागद आणि हयात व्यक्तींसह पूर्ण वंशावळी कोठीत, म्हणजे कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत. सदस्यांची यादी तेथे चढवावी अशी सूचना आली होती. ती मंडळाने नाकारली.

ही शेवटची रेघ काहींना अतिसावध वाटली. तिचे कारण सांगतो. वंशावळीत आईचे माहेरचे आडनाव असते, मूळ गाव असते, कोणाचा मुलगा कोठे असतो हे असते. ओरबाडणाऱ्याच्या हाती हे सारे एकत्र लागले, तर घरी एकट्या असलेल्या आजींना ‘मी तुमच्या किनवटच्या बहिणीचा नातू बोलतो, अडचणीत आहे’ असा फोन करावयास कितीसा वेळ लागणार? खोटे पोलीस बनून वृद्धांना ‘डिजिटल अटक’ करणाऱ्यांविषयी ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सावध करावे लागले. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा दुसऱ्याची माहिती वापरताना संमतीची अपेक्षा धरतो. पण माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला त्याचे छत्र नाही. चव्हाट्यावर टाकलेली वस्तू परत मागता येत नाही. यंत्राने एकदा नेलेले पान आपण पुसले तरी त्याच्याकडची प्रत पुसत नाही. ‘कॉमन क्रॉल’सारखी संस्था तर २००८ पासून जगभरची पाने साठवीत आली आहे. म्हणून राखणीचा सर्वांत भरवशाचा उपाय संगणकात नाही. काय ठेवावे आणि काय ठेवूच नये, या निवडीत आहे.

ही व्यवस्था पूर्ण आहे असा आमचा दावा नाही. यंत्रांची नावे बदलतात, पाटीवर नवी नावे लिहावी लागतात, नोंदवही आठवड्यातून एकदा तरी चाळावी लागते. शेताच्या जागलीसारखे हे काम आहे. एक रात्र चुकली तर दिसत नाही, हंगामभर चुकली तर कणीस उरत नाही. आमच्यानंतर ती जागल करील अशा एखाददुसऱ्या तरुणाने पुढे यावे, ही विनंती. शिकवावयास आम्ही तयार आहोत.

आणखी एक विनंती सर्व घराण्यांना. मंडळाकडे आलेल्या बऱ्याच कागदांवर ज्यांचा हक्क, ते आज हयात नाहीत. त्यांची इच्छा काय होती, हे सांगू शकणारी माणसेही थोडी उरली आहेत. या अंकासोबत एक साधे संमतिपत्र जोडले आहे. आपल्या घरचा कोणता कागद ओसरीवर, कोणता माजघरात आणि कोणता कोठीत, एवढेच त्यात लिहावयाचे आहे. ते भरण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून कागद वाचून दाखवावा आणि त्याला किंवा तिला विचारावे. यंत्रांनी आपल्याला विचारले नाही, ही आपली तक्रार आहे. निदान आपण तरी आपल्या माणसांना विचारून घेऊ.